आपल्यापुरतं दुखणं

दिपालीने त्या सकाळी एकामागून एक तीन हेडफोन बाद केले. तिसऱ्याचीही डावी बाजू मुकी निघाली तेव्हा ती वैतागून निमेशला म्हणाली, "काय भंगार माल भरलाय रे? एकाचीही डावी बाजू चालत नाही." निमेश तिचा टीम लीडर, वयाने लहान, त्यामुळे तिला ताई म्हणणारा. त्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला, मान डोलावली आणि "चालू आहे ना ताई," म्हणून परत दिला. तरी तिने वायर ओढून पाहिली, पिन पुसली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पवईच्या त्या ऑफिसात इतकी वर्षं घालवल्यावर माणसाला असंच वाटणार. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की तोंडातल्या तोंडात पुटपुटत रेकॉर्डिंग करतात, आणि ते ऐकून इथे कागद तयार होतात. आधी ती पायाने पेडल दाबत सगळं टाइप करायची. आता मशीनच ऐकतं, मशीनच लिहितं, आणि मशीन जिथे अडखळलं तिथे दिपालीने कान द्यायचा. त्यात तिचा डावा कान भलता तयार. एखादा डॉक्टर सँडविच चावत बोलत असला की ती उजवा हेडफोन बाजूला सरकवायची, डावा हाताने दाबून धरायची, आणि शब्द सापडायचाच. ऑफिसात त्या कानाची चेष्टाही व्हायची आणि कौतुकही. तेव्हा बिघाड झालाच असेल तर वस्तूत, आपल्यात नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं. शेवटी शेजारच्या टेबलावरची पूर्वी, तिची घाटकोपरची मैत्रीण, उठून मागे आली आणि डाव्या बाजूला काहीतरी करून पुन्हा समोर येऊन उभी राहिली. "ऐकू आलं?" तिने विचारलं. "काय?" दिपाली म्हणाली. मैत्रिणीचा चेहरा उतरला. "अगं, मी टाळ्या वाजवत होते," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलुंडच्या कानाच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्कचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज कुठून येतोय, त्यांनी विचारलं. उजवीकडून, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं, चिमटा तर मधोमध होता. मग काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्या ऐकवल्या. कागदावर दोन रेघा निघाल्या. उजव्या कानाची वरून सरळ जात होती, डाव्याची सुरुवातीपासूनच तळाला बसली होती. डॉक्टर वयस्कर, शांत होते. कागद तिच्याकडे फिरवून ते म्हणाले, "आतली नस आहे. अचानक गेलीय. इडिओपॅथिक म्हणतो आम्ही याला." पुढे ते गोळ्यांविषयी, इंजेक्शनविषयी, उशीर न करण्याविषयी बोलत राहिले. काहींचं ऐकणं परत येतं, काहींचं थोडंफार, काहींचं येतच नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दिपाली त्या शब्दापाशीच थांबली होती. मांडीवरच्या पर्सवर तिची बोटं आपोआप हलली होती. आय, डी, पी. ऑफिसात एवढी तीन अक्षरं दाबली की अख्खा शब्द आपोआप उमटायचा. किती माणसांच्या नावापुढे तिने तो उमटवला असेल. कुणाचं फुप्फुस, कुणाचं हृदय, कुणाच्या अंगावरचे चट्टे. शब्द बोटांखालून जायचा आणि पुढचं वाक्य यायचं. त्यात काय आहे, हे बघायची गरज कधी पडलीच नव्हती. आणि आता तो परक्या देशातून न येता मुलुंडच्या एका केबिनमध्ये, टेबलापलीकडून, तिच्याकडे बघत उच्चारला गेला होता. "म्हणजे कशामुळे?" तिने विचारलं. "तेच तर," डॉक्टर म्हणाले. "कारण सांगता येत नाही, म्हणून तर हे नाव."

पण घरी कारणांना तोटा नव्हता. नवरा राजेश बूट काढता काढताच म्हणाला, "तरी तुला सांगत होतो, तो हेडफोन कमी कर. दिवसभर कानात खुपसून बसायचं म्हणजे वाट लागणारच ना." तो चिडला की घाबरलेला असतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. लेक ऋतिका पुण्याला हॉस्टेलवर. तिने फोनवर झोप, ताण, मोबाइल असं सगळं शास्त्रशुद्ध मोजून दाखवलं.  सासूबाई, मालनबाई, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या. गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाची बायको, मुंबईत पन्नासहून जास्त वर्षं काढलेली, पण बोली अजून मालवणच्या अंगणातली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "राखणदाराची राखण चुकली. तेचाच ह्या."  गावी घराच्या मागच्या कोपऱ्यात घर राखणाऱ्या देवाची, राखणदाराची जागा आहे. वर्षातून एकदा तिथे घरच्या माणसाने उभं राहून कोंबडा द्यायचा, भाताची मूद ठेवायची आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालून सगळ्यांसाठी मागणं मागायचं. सासरे होते तोवर ते जायचे. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसात सुट्टी मिळेना, राजेशलाही जमेना, तेव्हा दिपालीच म्हणाली होती, "आई, कुंडलिकभावोजींना सांगूया ना, ते तिथेच असतात." कुंडलिक म्हणजे राजेशचा चुलतभाऊ, गावचं घर सांभाळणारा. सासूबाई सोडून सगळ्यांना ते सोयीचं वाटलं होतं, आणि तेव्हापासून या घरातलं कुणी तिथे गेलं नव्हतं. "येवच्या सोमवारी कुंडलिक देवळात कौल घेतलो," सासूबाई पुढे म्हणाल्या. "माका फोनार सांगल्यान. कोनाच्या हातून काय घडला, ता कळतला." आवाजात राग नव्हता, तुळशीला पाणी घालायचं राहिलंय म्हणावं इतका साधा होता, आणि म्हणूनच दिपाली घाबरली.

कौल तिने एकदाच पाहिला होता, लग्नानंतर देवदर्शनाला गेली तेव्हा. पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या आणि कुणाचा तरी प्रश्न मोठ्याने विचारला होता. मग सगळं देऊळ श्वास रोखून कळी पडायची वाट बघत राहिलं. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. बाहेर माणसं मोबाइलवर बोलत होती, आत मात्र एका कळीवर कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी जमीन अडकून राहिली होती. दिपालीला तेव्हा गंमत वाटली होती, थोडी भीतीही. आता सोमवारी तिथे तिचं नाव घेतलं जाणार होतं. सुनेच्या हातून घडलं काय रे महाराजा? आणि उजवी कळी पडली तर? कान गेला तर गेला, एका कानाची माणसं काय जगत नाहीत? पण त्या कळीनंतर सासूबाई तिच्याकडे कशा बघतील, राजेश काय बोलणार नाही आणि तरी मनात काय ठेवील, गावच्या लग्नाकार्यात बायका तिच्यासाठी पाट सरकवताना एकमेकींकडे कशा बघतील, हे तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे ती स्वतःच रोज कळ्या लावत बसली होती. हेडफोनचा आवाज मोठा ठेवत होते, त्याने? गणपतीत मंडळाच्या स्पीकरपुढे उभी राहिले, त्याने? आईच्या शेवटच्या आजारपणात ती बोलत असताना कंटाळून मान वळवली होती, त्याने? डोकं पार कामातून गेलं होतं. कौल मागायला देवळात कशाला जायला हवं, असं तिला वाटून गेलं.

आणि या सगळ्या भीतीच्या मधोमध दुसरंच काहीतरी चाललं होतं, ते कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. ते होतं नवल. रजा घेऊनही सवयीने ती एकदा पवईला उतरली आणि तलावाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. जग उजवीकडे सरकलं होतं. मागून डावीकडून गेलेली रिक्षा उजवीकडून गेल्यासारखी वाटली आणि ती चुकीच्या बाजूला दचकली. कावळा कुठे ओरडतोय हे डोळ्यांनी शोधावं लागलं. आवाजाला जागाच उरली नव्हती, सगळे आवाज एकाच दारातून आत शिरत होते. ती सावकाश गोल फिरली, तेव्हा तलावाकडचा आवाज उगवला आणि मावळला. लोकांनी वेडी म्हटलं असतं. डाव्या बाजूला नुसती शांतताही नव्हती. आत खोल कुठेतरी एक संथ गुंजन होतं, लहानपणी शंख कानाला लावल्यावर यायचं तसं. बाहेरून काहीच येत नव्हतं, म्हणजे ते तिचंच होतं. इतकी वर्षं ते आत चालूच होतं का, आणि जगाच्या गलबल्यात कळत नव्हतं का? हरभऱ्याच्या दाण्याएवढी ती जागा. तिथे त्या रात्री झोपताना सगळं ठीक होतं आणि उठल्यावर नव्हतं. मधे काय झालं ते तिला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, ज्या मशीनने तिच्या कानाची रेघ काढली त्याला माहीत नाही. आपल्याच डोक्यात, उशीवर, आपण हजर असताना एवढी मोठी गोष्ट घडावी आणि तिला साक्षीदार नसावा. भीती वाटायला हवी होती, पण ती थक्क झाली होती. 

तशीच ती ऑफिसात वर गेली. शेल्फवर एक जाडजूड मेडिकल डिक्शनरी होती. मशीन आल्यापासून कुणी उघडली नव्हती, तिच्यावर झाडाची कुंडी ठेवलेली होती. दिपालीने कुंडी खाली ठेवली, धूळ झटकली आणि आयचं पान काढलं. पूर्वी येऊन तिच्या उजव्या बाजूला उभी राहिली. एका दिवसात ती बाजू बदलायला शिकली होती. "अगं, फोनवर बघ ना," पूर्वी म्हणाली. पण दिपालीला तो शब्द कागदावरच बघायचा होता. जिचं कारण सापडत नाही अशी व्याधी, हा आजचा अर्थ पहिल्या ओळीत होता, तो तिला ठाऊक झाला होता. त्याखाली बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलं होतं. ग्रीक. इडिओस म्हणजे स्वतःचं, खासगी, दुसऱ्या कुणाचं नसलेलं. पॅथॉस म्हणजे सोसणं, माणसावर जे येतं ते. जुने वैद्य दुखण्यांचे दोन प्रकार मानत, असं पुढे लिहिलं होतं. एक, शरीराच्या एका भागात बिघाड झाला म्हणून दुसऱ्या भागात उठलेलं दुखणं. त्याला सिम्पथेटिक म्हणायचे, म्हणजे सोबतीने सोसलेलं. आणि दुसरं, जे दुसऱ्या कुठल्याच भागाकडून आलेलं नाही, जिथे आहे तिथलंच, त्याच जागेचं आपलं. ते इडिओपॅथिक. दिपालीने ओळ परत वाचली, मग बोट ठेवून वाचली. "काय झालं?" पूर्वीने विचारलं. "काही नाही गं," ती म्हणाली.  कारण माहीत नाही, हा डॉक्टरांचा अर्थ नंतरचा होता, हात वर करणारा. त्याच्या खाली हा जुना अर्थ होता, आणि तो हात वर करत नव्हता. तो त्या दुखण्याला त्याची स्वतःची जागा देत होता. कुठल्या तरी समुद्राकाठी, कुणीतरी, कण्हणाऱ्या माणसाशेजारी बसून, हे कुणाकडून आलं याचा शोध घेऊन दमल्यावर म्हणाला असेल, हे याचंच आहे. आणि तो शब्द इतकी शतकं, इतक्या तोंडांतून, इतके समुद्र ओलांडून तिच्या तीन बोटांखाली येऊन राहिला होता. तिने तो हजारदा पुढे ढकलला होता. आज तो तिच्यासाठी थांबला होता. ती खुर्चीवर बसली, आणि पूर्वीने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

रविवारी संध्याकाळी राजेश इंजेक्शन आणायला केमिस्टकडे गेला होता. सासूबाई देवापुढे वात वळत होत्या. दिपाली जाऊन त्यांच्याजवळ बसली, चुकून डावी बाजू त्यांच्याकडे करून, मग उठून दुसऱ्या बाजूला. "आई, त्या शब्दाचा अर्थ बघितला मी," ती म्हणाली.

"खयच्या?"

"डॉक्टर बोलले तो. इडिओपॅथिक." आणि तिने सांगितलं, जमेल तसं, साध्या भाषेत. ज्याचं त्याचं दुखणं. कुणाकडून आलेलं नाही, कुणाच्या चुकीने लागलेलं नाही, आपलं आपण उठलेलं. पुस्तकात ते अवयवांबद्दल होतं, माणसांबद्दल ती पदरचं घालत होती, हे तिला कळत होतं. पण बोलायला लागल्यावर थांबता येईना. "मी सुट्टी घेतली असती, गावी गेले असते, तरी हे झालं असतं आई. किंवा झालं नसतं. कुणालाच नाही सांगता येणार. उद्या कळी पडली आणि माझं नाव आलं, तर मी काय करू सांगा?" तिचा आवाज फुटला. इतके दिवस ती रडली नव्हती.

सासूबाईंची वात अर्धी वळून हातात राहिली. त्या रागावतील असं दिपालीला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "खयच्या लोकांनी काढलो ह्यो शब्द?"

"ग्रीक म्हणून लोक होते. फार जुने."

"तेंचे देव होते?"

"होते की. पुष्कळ होते."

"देव होते," सासूबाई म्हणाल्या, "आनि तरी तेंनी असा म्हटल्यानी?"

दिपालीने मान हलवली. सासूबाईंनी समईकडे बघितलं. ती अजून लावलेली नव्हती. खाली कंपाउंडमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि मुलुंडच्या डोंगरावरचा उजेड उतरत चालला होता. मग त्यांनी जे विचारलं ते दिपालीकडे न बघता, वातीकडे बघत विचारलं.

"माज्या पिंटूचा पन ह्याच असात काय गो?"

पिंटू. राजेशच्या आधीचा. दिपालीला एवढंच ठाऊक होतं की एक मूल होतं आणि ते रांगत असताना गेलं. त्याचा फोटो नव्हता, त्याचा विषय नव्हता. दर आषाढात एका दिवशी सासूबाई खीर करायच्या आणि पहिला डाव वाटीत काढून खिडकीत ठेवायच्या, तो कावळ्याला असेल असं ती समजत आली होती. आता सासूबाई बोलत होत्या, तुटक, एकेक वाक्य उचलून ठेवावं तसं. गावी गेलेल्या. पोराला ताप आला. संध्याकाळी आला, पहाटे पोर नाही. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्यांनी कौल लावला. पोराच्या आईने पाळायचं ते पाळलं नाही, विटाळात राखणदाराची वाट ओलांडली काय रे म्हाराजा? "उजवी पडली," सासूबाई म्हणाल्या. "मी ओलांडूक नाय होती. पन उजवी पडली. मगे माकाच वाटाक लागला, ओलांडली असतलंय. आठवत नसात." सासऱ्यांनी कधी शब्दाने बोलून दाखवलं नाही. गावानेही विसरून टाकलं. पण राखण एकही वर्ष चुकवायची नाही, हे त्या दिवसापासून त्या का धरून बसल्या होत्या ते दिपालीला आता कळलं. या बाईने पन्नास वर्षं एक कळी छातीवर वागवली होती, आणि उद्या तीच सुनेच्या छातीवर ठेवायला निघाली होती, कारण दुखणं आलं की असंच करतात एवढंच तिला शिकवलेलं होतं. दिपालीला सगळं कळेना आणि कळल्यावाचूनही राहीना. पुस्तकातला दुसरा शब्द तिला आठवला, सोबतीने सोसलेलं. हो म्हणावं की पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही म्हणावं, ती क्षणभर अडली.

"हो आई," ती म्हणाली. "त्याचंही हेच. त्याचं त्याचं होतं."

सासूबाईंनी वात पुरी वळली. समईत घातली, तेल सारखं केलं, काडी ओढली. मग म्हणाल्या, "राजेश इलो की कुंडलिकाक फोन करूक सांग. म्हनान, कौल नको. आमी हयच गाऱ्हाणा घातला." आणि त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दिपालीला वाटलं, राजेशची वाट बघतील. या घरात गाऱ्हाणं घालायचं ते बाप्यांनी, बायकांनी मागे उभं राहून फक्त होकार द्यायचा. पण सासूबाई खिडकीशी गेल्या. वाळत घातलेले टॉवेल बाजूला सारले, पदर डोक्यावरून घेतला आणि गाव ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून हात जोडले. दिपाली लगबगीने त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे होईल. मागून कुणीतरी होकार द्यायला हवा, नाहीतर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

"बा राखणदारा म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. तो त्यांचा रोजचा आवाज नव्हता, सासऱ्यांचा होता, त्यांच्या आधीच्यांचा होता. "आज तुझ्या लेकरान हय मुलुंडात उभ्या रवान तुका हाक मारलेली आसा. आयकान घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दिपाली म्हणाली.

"ही माजी सून. तिचो डावो कान गेलो. येवचो असात तर येंवदे. नाय इलो तर तिका धीर दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आता ती ओळ येणार होती. प्रत्येक गाऱ्हाण्यात येते ती, काय चुकलं माकलं असेल तर पदरात घे. दिपालीने सासऱ्यांच्या तोंडून ती दर वेळी ऐकली होती, होकार तिच्या ओठावर तयारही होता. सासूबाई थांबल्या. 

"माजो पिंटू," त्या म्हणाल्या. "तेचा दुखना तेचा होता. तेच्या आवशीकडसून, माज्याकडसून, काय एक चुकूक नाय रे म्हाराजा."

दिपालीला होकार द्यायला किती वेळ लागला कोण जाणे. आणि दिला तेव्हा तो केवढ्याने निघाला हेही तिला एका कानाने कळलं नाही, पण समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई कपडे काढता काढता थांबून वर बघू लागली. सासूबाई अजून हात जोडून उभ्या होत्या, ऐकत असल्यासारख्या. तेव्हा दिपालीने तो पुन्हा दिला.

"व्हय म्हाराजा."